भुलेच्या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलताय? आधी भूलतज्ज्ञाला भेटा

पारोळ्याच्या एका ताईंनी विचारलंय. वय 42, पित्ताशयात खडे आहेत, पोटात जोरात कळ येऊन गेलीय, सर्जनने दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सांगितलंय, आणि त्यांनी तारीख घेऊन दोनदा रद्द केलीय. ऑपरेशनची तेवढी भीती नाही म्हणतात, भीती पूर्ण भुलेची आहे. "झोपवतील आणि मी उठलीच नाही तर?" असं लिहिलंय. पुढे विचारलंय की कमरेत इंजेक्शन देऊन भागणार नाही का, मध्येच जाग आली तर काय, आणि मिस्टरांना आत थांबू देतात का.

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, जळगाव आणि आजूबाजूच्या तालुक्यांमध्ये बरीच वर्षं हेच काम करतेय, आणि हा प्रश्न मला टेबलावर झोपलेल्या माणसाने विचारला नाही असा आठवडा जात नाही. दहा एकर केळी सांभाळणारे, कुणाच्या बापाला न घाबरणारे आप्पा हात घट्ट धरून हळूच विचारतात, "मी उठसू ना?" त्यामुळे आपण भित्र्या आहोत असं आधी डोक्यातून काढा. स्वतःचा श्वास, स्वतःची शुद्ध कुणा अनोळखी माणसाच्या हातात द्यायची, तर भीती वाटणारच. पण त्या भीतीपायी तुम्ही तारखा रद्द करताय ते मात्र मला खटकतंय, त्यावर पुढे बोलते.

आधी उठण्याचंच बघू. ज्या देशांमध्ये प्रत्येक ऑपरेशनची नोंद ठेवतात तिथला हिशोब असा आहे की बाकी तब्येत ठीक असलेल्या माणसाचा ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये निव्वळ भुलेमुळे मृत्यू होण्याचं प्रमाण साधारण 1 लाखात 1 इतकं कमी आहे. तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावा असं मी म्हणणार नाही, कारण पेशंटचं हृदय कसंय, ऑपरेशन ठरवून आहे की रात्री 2 वाजता धावपळीत, भूल कोण देतंय, मशीन काय आहेत, यावर सगळं बदलतं. पण यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला आधी विचारता येतात, काही सुधारताही येतात, म्हणून तर हे एवढं लांबलचक लिहितेय.

लोकांना वाटतं की भूल म्हणजे एक मोठं इंजेक्शन, दिलं की माणूस गेला आणि मग तो उठेल की नाही ते देवाच्या हाती. तसं नसतं. सुरुवातीला शिरेतून दुधासारखं पांढरं औषध देतात, प्रोपोफॉल, हाताला थोडं झोंबतं, अर्ध्या-एक मिनिटात डोळे मिटतात. पण त्या औषधाचा असर काही मिनिटांतच उतरतो. म्हणून पुढचा सगळा वेळ झोप टिकवायला श्वासातून गॅस किंवा शिरेतून औषध सतत चालू ठेवावं लागतं. विहिरीवरची मोटर चालू आहे तोवर ठिबकमधून पाणी पडतं, मोटर बंद केली की थोड्या वेळात नळ्या रिकाम्या, हे तसंच आहे. ऑपरेशन संपत आलं की आम्ही गॅस कमी करत आणतो, बंद करतो, स्नायू सैल ठेवायच्या औषधाचा असर उतरवायचं इंजेक्शन देतो, आणि पेशंट स्वतः श्वास घ्यायला लागला, डोळे उघडले, हात दाब म्हटल्यावर दाबला, की मगच श्वासासाठी घशातून टाकलेली नळी काढतो. बहुतेक जण गॅस बंद केल्यावर 10-15 मिनिटांत हाकेला ओ देतात. पहिला प्रश्न ठरलेला, "झालं का ऑपरेशन?"

आणि या सगळ्या वेळात भूलतज्ज्ञ कुठे असतो, हे लोकांना माहीतच नसतं. इंजेक्शन दिलं आणि निघून गेला असं वाटतं. तो तुमच्या डोक्यापाशी बसलेला असतो, शेवटपर्यंत. तुमच्या बोटाला एक चिमटा लावलेला असतो, कोविडमध्ये घरोघरी आला तोच, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा. त्याची मूळ कल्पना 1974 च्या सुमारास जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी मांडली, आणि आमच्या कामात त्याने जेवढा फरक पाडला तेवढा फार थोड्या गोष्टींनी पाडलाय. ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या मशीनवर तो प्रत्येक ठोक्याला टिक टिक वाजतो आणि ऑक्सिजन खाली जायला लागला की आवाजाचा सूर उतरतो. मी सलाईन बदलत असले, पाठ फिरलेली असली, तरी सूर बदलला की मान आपोआप वळते, आकडा नंतर दिसतो. दुसरं मशीन प्रत्येक श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतं, म्हणजे नळी बरोबर श्वासनलिकेत आहे आणि हवा आत-बाहेर होतेय याचा पुरावा प्रत्येक श्वासाला स्क्रीनवर दिसतो. ईसीजी चालू असतो, बीपी दर काही मिनिटांनी आपोआप घेतलं जातं. तुम्हाला हे सगळं पाठ करायचं नाहीये, पण तिथे आपल्याला कुणी एकटं सोडत नाही एवढं लक्षात ठेवा.

मध्येच जाग येण्याचं. असं होऊ शकतं, पण फार क्वचित. ब्रिटनमध्ये यावर देशभराचा मोठा अभ्यास झाला, 2014 मध्ये आला, त्यात साधारण 19 हजार पूर्ण भुलांमागे 1 पेशंटने नंतर सांगितलं की मला मधलं काहीतरी आठवतंय. त्यातल्या बऱ्याच जणांना जाग सुरुवातीला किंवा शेवटी, थोड्याच वेळासाठी आली होती. पूर्ण भुलेतलं सिझेरियन किंवा फार अत्यवस्थ पेशंट असेल, जिथे औषध हात राखून द्यावं लागतं, तिथे प्रमाण जास्त. तुमचं ऑपरेशन त्यात मोडत नाही. शिवाय गॅस तुमच्या श्वासात किती उतरलाय ते आता मशीनवर दिसतं. आधी कधी भुलेत असा अनुभव आला असेल, किंवा रोज दारू, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आवर्जून सांगा, औषधाचा हिशोब बदलावा लागतो.

कमरेत इंजेक्शनचं म्हणाल तर बऱ्याच ऑपरेशनला ते उत्तमच, सिझेरियन, हर्निया, मूळव्याध, गुडघा, पाय. त्याने कायमची कंबरदुखी लागते हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय, पण तो खरा नाही, टोचल्या जागी थोडे दिवस दुखू शकतं एवढंच. तुमच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी आहे. दुर्बिणीने पित्ताशय काढताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, तो गॅस छातीखालच्या पडद्याला वर ढकलतो, जागेपणी श्वास घ्यायला जड वाटतं, खांद्यात कळ येते, माणूस कासावीस होतो. पूर्ण भुलेत नळी टाकून श्वास आमच्या ताब्यात असतो, सर्जनला शांतपणे काम करता येतं. काही ठिकाणी काही पेशंटमध्ये कमरेतून करतातही, पण तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी पूर्ण भूलच सांगितली असती.

आता जरा गावातल्या गोष्टींबद्दल. आपल्याकडे कुणी ऑपरेशनमध्ये गेलं की दुसऱ्या दिवशी पारावर एकच वाक्य, "भूल जास्त झाली." पोटात आतडं फुटून चार दिवस झालेले असतील, अंगभर जंतू पसरलेले असतील, हृदयाचा आजार असेल, तरी भूल जास्त झाली. नावं नाहीत, आजार माहीत नाही, फक्त ते वाक्य फिरतं, आणि धरणगावचा माणूस चाळीसगावच्या गोष्टीने घाबरून घरी बसतो. भुलेतल्या दुर्घटना होतच नाहीत असं मी म्हणत नाहीये, होतात, आणि जिथे भूलतज्ज्ञ नाही, मॉनिटर नाही, घाई आहे, तिथे जास्त होतात. म्हणून गोष्टी ऐकून झुरण्यापेक्षा सर्जनला सरळ विचारा, भूल कोण देणार, त्यांचं भूलशास्त्राचं शिक्षण झालंय ना, शेवटपर्यंत थांबणार ना, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायची मशीन आहेत ना, गरज पडली तर आयसीयू तिथेच आहे की पाठवावं लागेल. असं विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही, आणि आला तर त्यावरूनही तुम्हाला काहीतरी कळेल.

यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, भूलतज्ज्ञाची आधी भेट मागा. आपल्या भागात काय होतं, सर्जन गावातला, ओळखीचा, दोन-तीनदा दाखवून झालेलं असतं. भूलतज्ज्ञ मात्र एका हॉस्पिटलमधून दुसऱ्याकडे गाडी घेऊन फिरत असतो, सकाळी अमळनेर तर दुपारी एरंडोल, आणि पेशंटला त्याचं तोंड पहिल्यांदा दिसतं ते टेबलावर, तेही मास्क लावलेलं. भीती वाटणार नाही तर काय. मोठ्या हॉस्पिटलमध्ये, मेडिकल कॉलेजमध्ये भुलेच्या आधीची तपासणी वेगळी असते, तिथे वेळ मिळतो. लहान हॉस्पिटलमध्ये असलात तर सर्जनला सांगा, मला भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलायचंय, आदल्या दिवशी भेट नाहीतर निदान फोन. आणि फोनवर पहिलं वाक्य हेच बोला की मला भुलेची भयंकर भीती वाटते, या भीतीने मी दोनदा तारीख रद्द केलीय. लाजू नका. हे आधी कळलं तर आम्हाला करण्यासारखं खूप असतं. आदल्या रात्री आणि सकाळी भीती कमी करायची छोटी गोळी देता येते, आत घेतल्यावर लगेच सलाईनमधून शांत करणारं इंजेक्शन देता येतं, सुईचीच भीती असेल तर हातावर तासभर आधी बधिर करायचं मलम लावता येतं. काहींना प्रत्येक गोष्ट सांगत गेलेलं बरं वाटतं, आता बीपीचा पट्टा आवळेल, आता हातात झोंबेल. काहींना काहीच ऐकायचं नसतं, त्यांच्याशी मी शेतीचं, लेकरांचं बोलत राहते. तुम्ही कुठल्या त्या आधीच सांगून टाका.

त्या भेटीत आम्ही जे विचारतो त्याची खरी उत्तरं द्या, यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण इथे लोक लपवतात. मी पेशंटला तोंड उघडायला सांगते, स्वतःची तीन बोटं उभी धरून आत जातात का बघा म्हणते. गुटखा खाणाऱ्यांची पुष्कळदा दोनच जातात, कधी एकच. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे तरी पंचविशीतल्या पोरांचे गाल आतून पांढरे, ताठ झालेले दिसतात. तोंड उघडत नसेल तर नळी नेहमीच्या पद्धतीने टाकता येत नाही, नाकातून लवचीक दुर्बिणीने टाकावी लागते, त्याची तयारी आधी लागते, ती दुर्बीण प्रत्येक तालुक्याला नसते. हे आदल्या दिवशी कळलं तर सोय होते, पेशंट झोपवल्यावर कळलं तर जीवावर बेततं. बायका मिश्री सांगत नाहीत, सासू शेजारी उभी असते म्हणून. पाळी चुकलीय तेही सांगत नाहीत. म्हणून मी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर चहाला पाठवते आणि मग विचारते. विडी, तंबाखू, दारू, जे असेल ते सांगा, आम्ही घरी चुगली करत नाही. विडी-सिगारेट महिना-दीड महिना आधी सुटली तर उत्तम, नाहीतर निदान आदल्या दिवसापासून तरी बंद.

सातपुड्याच्या पायथ्याची माणसं, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, इकडे शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, भिल्ल-पावरा समाजातले असतील तर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीय का ते नक्की बघा. 2023 पासून केंद्र सरकारचीही सिकलसेलची मोहीम चालू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. सिकलचा आजार असेल तर ऑक्सिजन कमी होणं, अंग गार पडणं, अंगात पाणी कमी पडणं या तिन्हीने रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि शिरा तुंबतात, म्हणून भूल देताना आम्ही पेशंटला गरम ठेवतो, सलाईन आधीपासून चालू करतो. नुसते वाहक असलेल्यांना सहसा अडचण येत नाही, पण आम्हाला माहीत हवं.

बाकी मग जुन्या ऑपरेशनचे कागद, रक्ताच्या नात्यात कुणाला भुलेचा त्रास झालाय का, हलणारे दात, कवळी, दमा, घोरणं, कुठल्या औषधाची रिअॅक्शन. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पिशवीच घेऊन या, वैद्याच्या पुड्यांसकट. बीपीच्या, थायरॉइडच्या बऱ्याचशा गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, शुगरच्या बंद ठेवायच्या असतात, त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या काही साधारण 3 दिवस आधीच थांबवतात, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं वेगळंच गणित असतं. आपल्या मनाने काही बंद करू नका, विचारूनच. आणि कन्नड घाटात गाडी लागते का तुम्हाला? हसू नका, ज्यांना गाडी लागते त्यांना भुलेनंतर उलट्या जास्त होतात, बायकांना तर अजूनच, आधी सांगितलं तर उलटीची दोन-तीन औषधं झोपेतच देऊन ठेवतो.

उपाशी राहण्याचं. जेवण 6 तास आधी बंद, तळलेलं, तेलकट असेल तर 8 तास, म्हणजे आदल्या रात्री शेवभाजी नको, वरण-भात खाऊन लवकर झोपा. दुधाचा चहा म्हणजे जेवणच धरा. साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं, हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही आणि मे महिन्यात जळगावच्या 45 डिग्रीत पेशंट रात्रीपासून कोरड्या घशाने बसतात, सकाळी चक्कर, डोकेदुखी, भीती दुप्पट. पित्ताच्या पेशंटमध्ये किंवा पोट उशिरा रिकामं होणाऱ्यांमध्ये कधी वेगळं सांगतात, तर तुमच्या डॉक्टरांना पाण्याची वेळ स्पष्ट विचारून घ्या. उपाशी का ठेवतो तर भुलेत घशाची राखण करणारी ठसक्याची सवय झोपलेली असते, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. त्यामुळे कुणी मावशीने प्रेमाने पारले बिस्कीट भरवलं असेल तर सांगा. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, कुणी ओरडणार नाही.

सहीच्या कागदाला घाबरू नका. त्यावर "जीवाला धोका होऊ शकतो" असं लिहिलेलं असतं, ते वाचून चांगले चांगले लोक पेन खाली ठेवतात. तो कागद सगळ्यांना सारखाच असतो, तुमच्यासाठी खास लिहिलेला नसतो. "माझ्या बाबतीत यातलं जास्त काय होऊ शकतं?" एवढं विचारा, त्याचं उत्तर बहुधा घसा एक-दोन दिवस दुखणं, थंडी भरून येणं, मळमळ, गॅसमुळे खांदा दुखणं असं असेल.

त्या सकाळी नेलपॉलिश काढा, बोटाचा चिमटा नीट वाचत नाही. दागिने काढावे लागतात कारण आत रक्त थांबवायला करंटचं मशीन वापरतात, धातूपाशी भाजण्याची भीती असते. मंगळसूत्र काढायला बायकांचा जीव होत नाही, मला ते कळतं, मी काळे मणी साध्या दोऱ्यात ओवून हाताला बांधू देते, फक्त धातू नको. मनुदेवीचा अंगारा लावून या, काही हरकत नाही. ओटी गार असते, एसी असतो, तर चादर मागा. आत गेल्यावर छाती धडधडायला लागली की नाकाने हळू श्वास घ्या मनात 4 मोजत, आणि सोडताना 6-7 मोजत सोडा, सोडायचा श्वास लांब. याने ठोके खरंच खाली येतात, मी मॉनिटरवर बघते. घरी आठवडाभर रोज रात्री करा म्हणजे तिथे नव्याने शिकावं लागणार नाही. आणि ऑपरेशनचे व्हिडिओ बघणं आजपासून बंद करा.

आता तारखा रद्द करण्याचं. खडे आहेत, कळ येऊन गेलीय, म्हणजे ते पुन्हा त्रास देणार ही शक्यता मोठी. खडा पित्ताच्या नळीत अडकला की कावीळ, स्वादुपिंडाला सूज, पित्ताशयात पू. मग तेच ऑपरेशन ताप अंगात असताना, रात्री-अपरात्री, पोट रिकामं नसताना करावं लागतं, आणि तेव्हाची भूल आजच्यापेक्षा कितीतरी जोखमीची. तुम्ही ज्या भुलेला घाबरताय ती आत्ता, तब्येत चांगली असताना, सगळ्यात सुरक्षित आहे. सर्जनला उद्याच फोन करा, तारखेच्या आधी भूलतज्ज्ञाची भेट मागा, मग तारीख घ्या.

मिस्टरांना ओटीत सहसा थांबू देत नाहीत, जंतुसंसर्गामुळे. दारापर्यंत येतील, आणि बाहेर आणल्यावर, शुद्धीवर आलात की भेटतील. लहान लेकरांच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी झोप लागेपर्यंत आईला आत घेतात, मोठ्यांना नाही. पण भूलतज्ज्ञाच्या आधीच्या भेटीला त्यांना नक्की न्या, घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं निम्मं आठवत नाही, दुसरा कुणी ऐकायला असला की बरं. त्या दिवशी फाईल आणि गोळ्यांची पिशवी त्यांच्याकडे द्या, आणि बाकीच्या नातेवाइकांना संध्याकाळनंतर यायला सांगा.